बाबासाहेबांचा लोकशाहीविचार मुळातून वाचायचा तर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लोकशाहीविचारावर भाषण, निबंध किंवा अभ्यासवर्ग यांची तयारी करायला बसले की बहुतेकांची वही एकाच तऱ्हेने आखली जाते. एका पानावर लोकशाही, दुसऱ्यावर प्रगती, तिसऱ्यावर सामाजिक न्याय, आणि प्रत्येक मथळ्याखाली चार-पाच गाजलेली वाक्ये. मीही बरीच वर्षे अशीच टाचणे काढत आलो. भाषण वेळेत संपते, टाळ्याही पडतात. पण बाबासाहेबांनी ज्या प्रश्नाशी आयुष्यभर झुंज दिली, तो प्रश्नच त्या वहीत कुठे सापडत नाही. त्यांच्या मांडणीत हे तीन स्वतंत्र विषय नाहीत. मताचा अधिकार मिळालेल्या माणसाला जमीन, मजुरी, पाणी, वारसा आणि शेजार यांत बरोबरीचे स्थान मिळाले नाही, तर त्याच्या मताचाही टिकाव लागत नाही, असा तो एकसंध युक्तिवाद आहे, आणि तो तीन दशकांहून अधिक काळ, निरनिराळ्या व्यासपीठांवरून, निरनिराळ्या विरोधकांसमोर मांडला गेला आहे. म्हणून तो मुळातून आणि एका विशिष्ट क्रमाने वाचावा लागतो. पुढे दिलेली पद्धत पाच ते दहा जणांच्या वाचनगटासाठी आहे. एकट्याने वाचणाऱ्यालाही ती चालेल, फक्त मोठ्याने वाचण्याचा भाग त्याने गाळू नये.

काय जमवावे

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले असून सुरुवातीच्या खंडांचे संपादन वसंत मून यांचे आहे. सगळे खंड एकदम आणून कपाटात रचण्याची गरज नाही. तसे केल्यास ते कपाटातच राहतात, हा अनुभव आहे. आरंभी पहिला आणि तेरावा असे दोन खंड पुरतात. पहिल्यात मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढची साक्ष, जातिव्यवस्थेवरचे लेखन, लहान शेतजमिनींवरचा निबंध, रानडे यांच्यावरचे भाषण आणि १९४७ चे निवेदन आहे. तेराव्यात संविधान सभेतले काम आहे. नंतर गरज पडेल तसतसे दुसरा, दहावा, चौदावा, पंधरावा आणि सतरावा हे खंड ग्रंथालयातून काढावेत. मराठी भाषणांसाठी अठरावा खंड आहे, आणि ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांनी तो हाताशी ठेवावाच, कारण तिथे बाबासाहेबांची स्वतःची मराठी ऐकू येते.

संविधान सभेतली भाषणे मूळ इंग्रजीत आहेत. त्यामुळे गटात एकाने इंग्रजी मजकूर समोर धरावा आणि दुसऱ्याने मराठी अनुवाद वाचावा, ही व्यवस्था सर्वांत उपयोगी ठरते. अनुवादात काय निसटते त्याचे एक उदाहरण सांगतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी, मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या भारतीय मातीवर लोकशाही ही केवळ वरून दिलेली गोष्ट आहे, अशा अर्थाचे विधान केले. आमच्या हातातल्या अनुवादात तिथे ‘मुलामा’ असा शब्द होता. गटातल्या एका शेतकरी गृहस्थांना ‘टॉप-ड्रेसिंग’ या मूळ इंग्रजी शब्दाचा शेतीतला अर्थ सांगितला, तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘‘मुलामा कसला, हे तर वरखत.’’ त्या एका शब्दाने सगळे वाक्य उलगडले. मुलामा खरवडला की निघून जातो आणि खालची वस्तू आहे तशीच उरते. वरखत जमिनीत झिरपू शकते, पण त्यासाठी पाणी आणि मशागत लागते, आणि जमीनच नापीक असेल तर ते वाहून जाते. त्याच भाषणात त्याच्या आधी येणारे म्हणणे असे आहे की, संवैधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते. वरखत आणि जोपासना हे शब्द शेजारी ठेवून वाचले, म्हणजे बाबासाहेब निराशेने बोलत नव्हते, मशागतीचे काम सांगत होते, हे लक्षात येते.

पहिली बैठक: शेवटचे भाषण

वाचनाची सुरुवात कालक्रमाने करू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणापासून ती करावी, कारण आधीच्या तीस वर्षांचे धागे तिथे एकत्र आलेले आहेत. या भाषणाचा पहिला भाग बहुतेक जण टाळतात, कारण त्यात आकडे आहेत. पण तो टाळू नये. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली, काम २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस चालले, मसुदा समिती १४१ दिवस बसली, सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा हिशेब बाबासाहेब सभेला देतात. श्रेय वाटतानाही ते काटेकोर आहेत: संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी पहिला कच्चा मसुदा केला आणि एस. एन. मुखर्जी यांनी अवघड तरतुदी सोप्या भाषेत बसवल्या, हे ते नावानिशी सांगतात. मसुद्याला सतत हरकती घेणाऱ्या कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शहा आणि कुंझरू यांचेही ते आभार मानतात. या बंडखोरांमुळे सभेचे कामकाज जिवंत राहिले, असा त्यांचा रोख आहे. लोकशाहीवर व्याख्यान सुरू होण्याआधीच लोकशाहीची रीत इथे दिसते. भाषण वाचून दाखवणाऱ्याने ही नावे घाईत उरकू नयेत.

त्यानंतर भाषणाचा सूर बदलतो. सिंधवर स्वारी झाली तेव्हा राजा दाहिरच्या सेनापतींनी लाच घेऊन लढण्यास नकार दिला, तिथपासून १८५७ पर्यंतचा इतिहास ते झपाट्याने उभा करतात आणि मिळालेले स्वातंत्र्य पुन्हा गमावले जाईल काय, असे विचारतात. मग दुसरा प्रश्न येतो: लोकशाहीही पुन्हा गमावली जाईल काय? कारण लोकशाही भारताला अगदीच अपरिचित नव्हती. बौद्ध भिक्षुसंघांना बसण्याची व्यवस्था, ठराव मांडण्याची पद्धत, गणसंख्या, मतमोजणी आणि गुप्त मतदान यांचे नियम माहीत होते, हे ते तपशीलवार सांगतात.

आता तीन सूचना येतात, आणि इथे वाचन थांबवून प्रत्येक सूचना एकेका सभासदाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी घटनात्मक मार्गच धरावेत, ही पहिली. स्वातंत्र्य कोणा थोर माणसाच्याही पायांवर वाहू नये, ही दुसरी. ती देताना ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेतात आणि धर्मात भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणातली विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे बजावतात. राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता तिची सामाजिक लोकशाही करावी, ही तिसरी. दुसऱ्या सूचनेपाशी गटात थोडी शांतता पसरते, असे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. ज्यांच्या तसबिरीला हार घालून बैठक सुरू झालेली असते, तेच हे सांगत असतात. हार घालू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र ज्या बैठकीत हा परिच्छेद वाचायचा, त्या बैठकीत बाबासाहेबांच्या एखाद्या मताशी असहमती नोंदवण्याची मुभा उघडपणे द्यावी, नाहीतर वाचन व्यर्थ आहे.

तिसऱ्या सूचनेचा परिच्छेद दोनदा वाचावा. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मानू, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र एक माणूस, एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू, असे ते म्हणतात. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेचे चटके बसणारे लोक या सभेने कष्टाने उभारलेली राजकीय लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, हा पुढचा इशारा आहे. वहीत पहिल्याच दिवशी एवढे एकच वाक्य लिहावे, कारण पुढच्या प्रत्येक बैठकीत याच विसंगतीचा एकेक जुना पुरावा हाती येणार आहे.

भाषणातला बंधुतेचा भाग बहुधा वेळेअभावी राहून जातो. त्यासाठी एक छोटी गोष्ट आवर्जून शोधावी. अमेरिकेतल्या एका चर्चच्या प्रार्थनेत ‘आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे’ असे शब्द सुचवले गेले, तेव्हा ‘राष्ट्र’ या शब्दाला इतक्या हरकती आल्या की तो काढून ‘या संयुक्त संस्थानांना’ असे शब्द घालावे लागले, ही जेम्स ब्राइस या ब्रिटिश अभ्यासकाने नोंदवलेली हकिकत बाबासाहेब सांगतात आणि मग विचारतात की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्यात तो उद्देशिकेत घातला. ठराव आणि उद्देशिका शेजारी ठेवून हा फरक पेन्सिलीने खुणावणे, हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याचा उपयोग मोठा आहे.

समासात तीन नोंदी

प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहिण्याची सवय लावावी: तारीख, जागा आणि समोर कोण होते. ही सवय नसली की बाबासाहेबांच्या वाक्यांची आपसांत टक्कर होते आणि मग वाचणारा आपल्या सोयीचे वाक्य उचलतो.

सर्वांत ठळक टक्कर सत्याग्रहाची आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला जाणारे, २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह उभा करणारे बाबासाहेब १९४९ साली कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून द्या, ते अराजकाचे व्याकरण आहे, असे कसे म्हणतात? गटात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच, आणि कोणी विचारला नाही तर चालवणाऱ्याने विचारावा. उत्तर त्याच परिच्छेदात आहे: घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा त्या मार्गांना समर्थन होते, ते उपलब्ध झाल्यावर तसे समर्थन उरत नाही. म्हणजे १९२७ आणि १९४९ यांच्यामध्ये माणूस बदललेला नाही, समोरची राज्यव्यवस्था बदललेली आहे. आता पुढचा प्रश्न वाचकांचा आहे: घटनात्मक मार्ग कागदावर उघडा आणि व्यवहारात बंद असेल तर काय करायचे? यावर आमच्या गटात दोन तास वाद झाला आणि एकमत झाले नाही. तसे होऊ द्यावे.

मग मागे जावे

दुसऱ्या बैठकीत १९१९ ची साउथबरो समितीपुढची साक्ष घ्यावी. तेव्हा बाबासाहेब २७ वर्षांचे होते आणि मताधिकार कोणाला द्यावा, हा प्रश्न समितीपुढे होता. प्रतिनिधित्व म्हणजे केवळ मतांचे प्रतिनिधित्व नव्हे, माणसांचेही प्रतिनिधित्व हवे, आणि मताधिकार हा राजकीय शिक्षणाचे साधन आहे, अशी त्यांची बाजू होती; शिक्षण आधी आणि मत नंतर, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. साक्ष लहान आहे, पण वाक्यरचना जड आहे, म्हणून तिचे दोन भाग करावेत. १९२८ साली सायमन आयोगापुढे ते प्रौढ मताधिकाराची स्पष्ट मागणी करतात, आणि पुढे संविधानाच्या कलम ३२६ मध्ये तो येतो. या तीन नोंदी एका रेषेत मांडल्या की पुरे.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेले, पण मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे कधीच न झालेले अध्यक्षीय भाषण हे तिसऱ्या बैठकीचे साहित्य आहे. ते पूर्ण वाचायला एक बैठक पुरत नाही. या विषयापुरते पाहायचे तर लोकशाही हा केवळ शासनप्रकार नसून एकत्र जगण्याची, अनुभवांची देवाणघेवाण करण्याची रीत आहे, हा भाग निवडावा. त्याला जोडून १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेले भाषण घ्यावे. समाज लोकशाही वृत्तीचा नसेल, तर लोकशाहीच्या औपचारिक चौकटीला किंमत नाही, हे तिथे स्पष्ट येते. शिवाय विभूतिपूजेचा १९४९ मधला इशारा सहा वर्षे आधी, आणि तोही एका थोर माणसाच्या जयंतीच्याच व्यासपीठावरून दिला गेला होता, हे कळते.

प्रगतीचा धागा कुठे पकडावा

इथे बहुतेक गट अडतात, कारण बाबासाहेबांचे अर्थशास्त्र कोरडे असेल अशी समजूत असते. माझी सूचना अशी की पाण्यापासून सुरुवात करावी. १९२७ साली महाडला पाणी हा माणूसपणाचा हक्क होता. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसातल्या नद्यांविषयी बोलताना, जास्त पाणी हे संकट आहे ही समजूतच चुकीची आहे, पाणी ही संपत्ती आहे, ते वाहून घालवायचे नसून साठवायचे आहे, म्हणजे सिंचन, वीज आणि जलवाहतूक ही तिन्ही कामे साधतील, असे त्यांनी सांगितले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही याच काळातली. तळ्यावर बोललेला माणूस आणि धरणांवर बोललेला माणूस एकच आहे, हे दोन्ही भाषणे एका संध्याकाळी वाचल्याशिवाय जाणवत नाही. सार्वजनिक पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न तळ्यापाशी सुटला नाही, तर तो कालव्यापाशी पुन्हा उभा राहतो; ही माझी जोड आहे, बाबासाहेबांचे वाक्य नव्हे, आणि वहीत अशा दोन गोष्टी वेगळ्या शाईने लिहाव्यात.

दुसरा धागा जमिनीचा. १९१८ च्या निबंधात त्यांचा मुद्दा असा की, शेताचा आकार लहान की मोठा हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती माणसे आहेत यावरून ठरते, आणि शेतीवर जगणाऱ्या जादा माणसांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय शेती सुधारणार नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने आले. कोकणातल्या वाचकांना खोत आणि कूळ यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. इतरत्र मात्र पंधरा मिनिटे त्यासाठी ठेवावीत. कामगारांचा भाग लवकर आटोपता येतो: १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, एवढी नोंद पुरते.

आता दुसरी टक्कर. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या पक्षाच्या वतीने केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हाही राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांना जातिधर्माचा भेद न करता सामूहिक कसण्यासाठी द्यावी, आणि हे सारे संविधानातच लिहावे, म्हणजे पुढचे बहुमत ते सहज बदलू शकणार नाही, असे सांगितले आहे. परंतु १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी संविधानात ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला: समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावे, ते संविधानात बांधून टाकणे लोकशाहीच्या विरोधात जाईल, आणि मार्गदर्शक तत्त्वांत आर्थिक न्यायाची दिशा आलेलीच आहे. दीड वर्षात भूमिका उलटली काय? समासातल्या नोंदी पाहाव्यात. पहिले निवेदन एका पक्षाच्या वतीने आहे. दुसरे भाषण सगळ्या सभेच्या मसुद्याची बाजू मांडणाऱ्या समितीच्या अध्यक्षाचे आहे. एवढ्याने पूर्ण समाधान होत नाही, माझेही झालेले नाही. पण लोकशाहीने अर्थव्यवस्था बांधून ठेवावी की मोकळी सोडावी, हा ताण बाबासाहेबांच्या विचारात खरोखरच होता, आणि तो झाकणाऱ्या पुस्तिकेपेक्षा तो दाखवणारी बैठक अधिक उपयोगी.

हिंदू कोड बिलाला एक पूर्ण बैठक

सामाजिक न्याय म्हणजे केवळ राखीव जागा, असा समज घेऊन आलेल्या वाचकांसाठी ही बैठक आहे. वारसा, विवाह, घटस्फोट आणि दत्तक यांविषयीचे विधेयक रखडल्यानंतर सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांना सभागृहात अपेक्षेप्रमाणे निवेदन करता आले नाही, म्हणून त्यांनी ते वृत्तपत्रांना दिले. चौदाव्या खंडात ते सापडते. वर्गावर्गांतली आणि स्त्रीपुरुषांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांवर कायदे करत राहणे म्हणजे संविधानाची थट्टा करणे आणि उकिरड्यावर राजवाडा बांधणे होय, हे त्या निवेदनातले म्हणणे. प्रगती आणि न्याय यांना वेगवेगळी पाने देणाऱ्या वहीला याहून नेमके उत्तर नाही. गटातल्या स्त्रियांनी हे निवेदन वाचावे, आणि वाचून झाल्यावर घरातल्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, हे प्रत्येकाने, पुरुषांनीही, मनातल्या मनात तपासावे. मोठ्याने सांगण्याची सक्ती नको.

गावाविषयीचे कडवे वाक्य

४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात खेड्यांना संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाचे आगर म्हटले आहे, आणि सभेत त्यावर बरेच सदस्य नाराज झाले. पुढे २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संतानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती आली, ती बाबासाहेबांनी स्वीकारली आणि तिचे कलम ४० झाले. गट खेड्यातला असेल, तर हे भाषण वाचल्यानंतरच्या आठवड्यात ग्रामसभेला जाऊन बसावे आणि परत आल्यावर कोण बोलले, कोण गप्प राहिले, कोण कुठे बसले, एवढेच लिहावे. भिक्षुसंघांना बसण्याच्या व्यवस्थेचे नियम होते, हा १९४९ मधला तपशील तेव्हा किरकोळ वाटत नाही.

अवतरण वापरण्यापूर्वी

एकदा एका कार्यक्रमात मी तावातावाने सांगितले की, संविधान जाळणारा पहिला मीच असेन, असे बाबासाहेब म्हणाले होते. मागच्या रांगेतून एका तरुणीने विचारले, ‘‘कधी म्हणाले, आणि नंतर काय म्हणाले?’’ मला पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट येत होते आणि दुसऱ्याचे मुळीच येत नव्हते. ते वाक्य २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत, आंध्र राज्याच्या विधेयकावरच्या चर्चेत, राज्यपालांचे अधिकार आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण यांवर वाद चालू असताना आले. १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना त्याविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी कारण दिले: देवाच्या प्रतिष्ठापनेसाठी मंदिर बांधले, पण देव येण्याआधीच सैतानाने ते बळकावले, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते? हा दुसरा भाग सोडून पहिला भाग सांगणे म्हणजे अर्थाचा अनर्थ.

घोषवाक्यांनाही हाच नियम लावावा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा क्रम आपल्याकडे रूढ आहे; परंतु जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत दिलेल्या इंग्रजी संदेशात शिक्षणानंतर मने चेतवणे आणि मग संघटन, असा क्रम आहे. मधल्या शब्दाचा ‘संघर्ष’ असा अनुवाद करून तो शेवटी नेला, की वाक्याचा तोल बदलतो. फलकावर काय लिहायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, पण अभ्यासाच्या वहीत मूळ क्रम असावा. ज्या वाक्याची तारीख आणि जागा सापडत नाही, ते कितीही सुंदर असले तरी वहीत घेऊ नये.

शेवटची बैठक

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांच्या जिल्हा ग्रंथालयात बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी लागणाऱ्या अटींवर भाषण केले. ते सतराव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे. लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्तपाताशिवाय घडवून आणणारी शासनपद्धती, अशी लोकशाहीची त्यांची व्याख्या तिथे आहे, आणि प्रगती, न्याय व लोकशाही या तिन्ही शब्दांचे काम ती एकटी करते. समाजात डोळ्यांत भरणारी विषमता नसणे, विरोधी पक्ष असणे, कायदा आणि प्रशासन यांत समान वागणूक, संवैधानिक नीतिमत्ता, बहुमताने अल्पमताची गळचेपी न करणे, समाजाची नैतिक घडी आणि जागी लोकविवेकबुद्धी, अशा त्या अटी. नीतिमत्तेच्या अटीपाशी ते जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट सांगतात: लोकांच्या दृष्टीने तो देवच होता, पण दुसऱ्यांदा अध्यक्ष व्हायलाही तो नाखूश होता आणि तिसऱ्यांदा त्याने साफ नकार दिला. विभूतिपूजेला विभूतीनेच नकार दिल्याचे हे उदाहरण १९४३ आणि १९४९ च्या परिच्छेदांशेजारी लिहून ठेवावे.

या बैठकीत प्रत्येकाने एकच अट निवडावी आणि ती स्वतःला रोज दिसणाऱ्या एका संस्थेला लावून पाहावी. संसदेकडे जाण्याची घाई करू नये. सोसायटीची वार्षिक सभा, दूध संघ, शाळेची व्यवस्थापन समिती, पतपेढी, जयंती उत्सव समिती, यांपैकी काहीही चालेल. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी विरोधी पक्षाची अट घेतली आणि ती आमच्याच वाचनगटाला लावली: वर्षभरात अध्यक्षांनी निवडलेल्या पाठाला कोणी हरकत घेतली होती का, आणि घेतली असल्यास वहीत तिची नोंद आहे का? अध्यक्ष मीच होतो. वही चाळली, तेव्हा हरकती तीन आठवत होत्या आणि नोंद एकीचीही नव्हती. तेव्हापासून वहीच्या उजव्या पानावर पाठाचे टिपण आणि डाव्या पानावर हरकती, अशी आखणी आहे, आणि डावे पान कोरे राहिले तर बैठक संपवण्यापूर्वी त्याचे कारण विचारले जाते.